विसरलं कोण? पवित्र शास्त्राच्या ईश्वरप्रेरणेविषयी

मागच्या व्याख्यानात आपण मीमांसकांचं अपौरुषेयत्व पाहिलं. वेदांना कर्ताच नाही, माणूसही नाही आणि ईश्वरही नाही, अशी ती भूमिका. आज ख्रिस्ती परंपरेकडे वळू. तिथली अडचण उलटी आहे. तिथे एकाच ग्रंथाला दोन कर्ते आहेत, आणि दोघांपैकी एकालाही वगळता येत नाही.

सुरुवात एका ग्रीक शब्दापासून करू: ‘थिओप्नेउस्तोस’, म्हणजे देवाच्या श्वासातून आलेलं. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो येतो, आणि संपूर्ण नव्या करारात एवढा एकदाच. गंमत अशी की मूळ वाक्यात ‘आहे’ हे क्रियापदच नाही. (आपल्याला त्याचं नवल वाटू नये, ‘घर माझं, जमीन त्याची’ असं आपणही बोलतोच.) त्यामुळे ‘प्रत्येक शास्त्रलेख प्रेरित आणि उपयोगी आहे’ असंही वाचता येतं आणि ‘प्रत्येक प्रेरित शास्त्रलेख उपयोगीही आहे’ असंही. शिवाय तिथे शास्त्र म्हणजे मुख्यतः यहुदी शास्त्र, कारण नवा करार तेव्हा एकत्र झालेलाच नव्हता.

बरं, देवाने श्वास घातला म्हणजे नेमकं काय केलं? दुसऱ्या शतकातल्या अथेनागोरसने बासरीची उपमा दिली आहे. वादक बासरीत फुंकर घालतो, तसा पवित्र आत्मा संदेष्ट्यांत. उपमा गोड आहे, पण ती धरून चाललो तर लेखक म्हणजे नुसता पोकळ वेळू.

आता करिंथकरांस पहिलं पत्र उघडू. मंडळीत तट पडले आहेत. पौल चिडून लिहितो की क्रिस्प आणि गायस सोडले तर तिथे आपण कुणालाच बाप्तिस्मा दिला नाही. लगेच त्याला आठवतं की स्तेफनाच्या घरच्यांनाही दिला होता. आणि मग कबुली, की याखेरीज कुणाला दिला असेल तर ध्यानात नाही. आता विसरलं कोण? देव शब्दन्‌शब्द सांगत होता असं मानलं, तर हा विसर देवाच्या पदरी घालावा लागतो! हा उतारा वर्गात घेतला की आमचे श्रद्धाळू विद्यार्थी अस्वस्थ व्हायचे. त्यांची अस्वस्थता आम्हाला कधी पोरकट वाटली नाही.

तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने मुख्य कारण आणि साधनरूप कारण असा भेद वापरला. लाकूड सुतार कापतो की करवत? दोघंही, काम अर्धं-अर्धं वाटलेलं नसतं. आम्हाला ही मांडणी फार उपयोगी वाटते, पण पुरी नाही. करवत काही विसरत नाही. 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘देई वेर्बुम’मध्ये या लेखकांना खरेखुरे लेखक म्हटलं, ते म्हणूनच महत्त्वाचं.

शास्त्र पूर्णतः निर्दोष मानणारे तरी श्रुतलेखन मानत असतील, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. 1978 च्या शिकागो निवेदनानेही, देवाने लेखकांची व्यक्तिमत्त्वं दडपली, हे नाकारलंय. पौल विसरला होता आणि तसं त्याने लिहिलं, यात खोटं काय, असं ते म्हणू शकतात. उत्तर चोख आहे. पण स्तेफना आठवण्याआधीचं ते वाक्य पौलाने खोडलं नाही. ते आजही तसंच छापलं जातं, दुरुस्तीसकट.