शेंगेतील भाऊबंदकी

घेवड्याची किंवा तुरीची शेंग सोलताना एक गोष्ट आपल्या सहज दृष्टीस पडते. काही दाणे टपोरे भरलेले असतात, तर काहींच्या जागी सुरकुतलेला बारीक ठिपका तेवढा उरलेला असतो. गृहिणी तो टाकून देते. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र तेथे थांबतो. एकाच शेंगेत, एकाच देठातून अन्न मिळत असता एक बीज पोसले जावे आणि दुसरे मरावे, असे का व्हावे?

या प्रश्नाची दोन उत्तरे पूर्वीपासून दिली जात. एक असे की, सर्व बीजांडांपर्यंत पराग पोहोचत नाही. दुसरे असे की, सर्व बीजांना पुरेल एवढे अन्न झाडापाशी नसते, म्हणून माता काहींचा त्याग करते. बंगळूर येथील कृषि विज्ञान विद्यापीठात के. एन. गणेशय्या व आर. उमा शंकर यांनी या दोहोंहून निराळ्या अशा एका तिसऱ्या उत्तराचा शोध घेतला. त्यांनी अभ्यासासाठी निवडलेला वृक्ष म्हणजे शिसू. याच्या शेंगा चपट्या व पातळ असून, न उकलता वाऱ्याबरोबर उडून जातात. शिसूच्या अंडाशयात साधारणतः चार ते पाच बीजांडे असतात; परंतु पक्व शेंग उघडून पाहिली तर तीत बहुधा एकच बीज सापडते.

हे वाचलेले बीज शेंगेत कोठे असते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ते बहुधा कुक्षीच्या बाजूस, म्हणजे ज्या टोकाकडून परागनलिका आत शिरते त्या टोकाजवळ असते. तेथील बीजांडाचे फलन इतरांच्या आधी होते. म्हणजे जो आधी जन्मला तो जगला व मागून आलेली भावंडे मेली, असा हा प्रकार आहे. या प्रबळ बीजांचा जलीय अर्क काढून त्याचा परिणाम पाहिला असता, त्यामुळे इतर कोवळी बीजे खुरटून मरतात असे आढळले. थोरल्या बीजातून पाझरणारे रासायनिक द्रव्यच धाकट्यांच्या नाशास कारण होते, असे अनुमान १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात मांडण्यात आले. जांभळाच्या फळातही अनेक बीजांडांपैकी बहुधा एकाचेच बी होते, आणि त्यामागेही अशीच रासायनिक कारणे असल्याचे याच संशोधकांच्या पुढील कामातून दिसून आले.

परंतु यात बीजाचा लाभ कोणता? एकबीजी शेंग हलकी असल्यामुळे वाऱ्यावर अधिक दूर जाते आणि मातेच्या सावलीबाहेर रुजण्याचा संभव वाढतो. मातेचा हिशेब वेगळा आहे. शेंगेचे टरफल बनविण्याचा खर्च तिने केलेलाच असतो. त्यात चार बीजे मावली तर तिचा खर्च वाचतो. शिवाय आनुवंशिक दृष्ट्या सर्व बीजे तिला सारखीच जवळची असतात, प्रत्येकात तिचा निम्मा वाटा असतो. बीजाचे तसे नसते. त्याला स्वतःविषयी पूर्ण आस्था. सख्ख्या भावंडात त्याचा वाटा सरासरी निम्मा, आणि पिता भिन्न असल्यास अवघा चतुर्थांश. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७४ साली प्राण्यांच्या संदर्भात मांडलेला माता-अपत्य संघर्षाचा विचार तो हाच. गणेशय्या, उमा शंकर व कमल बावा यांनी १९८८ मध्येच एका विस्तृत लेखात तो वनस्पतींना लावून दाखविला.

मग शेंगांत पुष्कळ बीजे असलेली झाडे मुळीच नसावयास हवी होती. पण बाभळीची मण्यांच्या माळेसारखी शेंग आपण सर्वांनी पाहिली आहे. बाभळीचे परागकण सुटे नसतात. ते गठ्ठ्याने, बहुधा सोळा-सोळा एकत्र चिकटलेले असतात. एक गठ्ठा कुक्षीवर पडला की शेंगेतील सर्व बीजांना एकच पिता लाभतो. भावंडे सख्खी झाली म्हणजे तंट्याचे कारणही काही अंशी कमी होते. रुईच्या फुलातील परागपुंजांचेही असेच स्पष्टीकरण दिले जाते.

येथे वनस्पतिशास्त्राची सीमा मानसशास्त्राच्या सीमेस येऊन भिडते. भावंडांतील स्पर्धा हा मानसशास्त्रज्ञांचा जुना विषय होय. कुटुंबातील जन्मक्रमाचा स्वभावावर होणारा परिणाम आल्फ्रेड ॲडलर यांनी आग्रहाने मांडला होता. तथापि शिसूच्या बीजाला मत्सर वाटतो असे कोणी समजू नये. त्याला मज्जातंतू नाहीत, मेंदू नाही, इच्छा नाही. ‘स्पर्धा’ व ‘संघर्ष’ हे शब्द येथे केवळ परिणामाचे वर्णन करतात. किंबहुना या संशोधनाची खरी शिकवण हीच आहे की, जे वर्तन पाहून आपण तत्काळ मनाची कल्पना करतो, ते मन नसतानाही निर्माण होऊ शकते. म्हणून मुलांच्या भांडणाचे स्पष्टीकरण शेंगेवरून देणे जितके चुकीचे, तितकेच शेंगेत मुलांचे मन पाहणेही चुकीचे. दोहोंत साम्य आहे ते परिस्थितीचे: पोषण एकाच ठिकाणाहून येते व घेणारे अनेक असतात.

या प्रश्नाचे शेतकऱ्यासही महत्त्व आहे. दाणे अन्नाच्या अभावी मरत असतील तर खत व पाणी हा उपाय होय. परंतु ते भावंडांच्या परस्परविरोधामुळे मरत असतील, तर कितीही खत घातले तरी त्या शेंगेतील रिकामी जागा भरणार नाही. तेथे बियाण्याची निवडच निराळ्या दृष्टीने करावी लागेल. यास्तव सुरकुतलेल्या दाण्याकडे पाहताना तो का मेला, हे आधी नीट विचारणे अगत्याचे आहे. उपाय त्या उत्तरावर अवलंबून आहे.