शार्कसारखा दिसणारा ठिपक्यांचा रांजा नेमका आहे कोण?

बुलढाण्यापासून समुद्र साडेतीनशे किलोमीटरहून लांब. तिथं मासा म्हणजे धरणातला रोहू-कटला, नाहीतर बाजारातले सुके बोंबील आणि सुकट. त्यामुळे कोकणातल्या एखाद्या बंदरावरचा फोटो मोबाइलवर आला, की पाठीवरचे दोन उंच पंख बघून 'शार्क सापडला' म्हणत तो पुढे पाठवला जातो. पण तो मासा रांजाही असू शकतो. कोकणात त्याला कुठे रांजा म्हणतात, कुठे लांज. बातम्यांमध्ये त्याचा 'गिटार फिश' होतो.

ओळखायची खात्रीची खूण त्याच्या खालच्या बाजूला असते. शार्कच्या कल्ल्यांच्या फटी डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. रांजाच्या फटी पाकटासारख्या खाली, पोटाकडे असतात. म्हणजे तो पाकटाच्या गोतातला, फक्त मागून शार्कसारखा. त्याचं डोकं पाचरीसारखं चपटं आणि टोकदार असतं. वाळूत तोंड घालून पडलेला असतानाही तो डोळ्यांमागच्या छिद्रांतून पाणी आत घेऊन श्वास घेतो. खेकडे, कोळंबी, शिंपले आणि लहान मासे हे त्याचं खाणं. त्याचे दात फरशी बसवावी तसे सपाट असतात, त्यामुळे कठीण कवचंही तो फोडून खातो.

आता ठिपक्यांकडे येऊ. राखाडी-तपकिरी अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी शेपटीकडे जातात. पुढच्या पंखाच्या मुळाशी बहुतेक वेळा एक काळा ठिपका असतो आणि त्याच्या आजूबाजूला काही पांढरे. हे पांढरे ठिपके किती आणि कसे मांडलेले आहेत, यावरून अभ्यासक प्रजाती ठरवतात. अडचण एवढीच, की मासा मोठा होतो तसे ते फिके पडत जातात. आणि रांजा मोठा म्हणजे चांगलाच मोठा होतो. काही प्रजाती तीन मीटरपर्यंत वाढतात.

ही ठिपक्यांची भानगड फक्त अभ्यासकांपुरती नाही, तिची गाठ थेट कायद्याशी पडते. जुलै 2001 मध्ये केंद्र सरकारने सगळ्याच शार्क आणि पाकटांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकलं. मच्छीमारांनी विरोध केला. डिसेंबरमध्ये यादी दहा प्रजातींवर आली. त्यात रांजाही होता, पण 'रिंकोबॅटस जिडेन्सिस' या नावाने. पुढच्या अभ्यासातून दिसलं, की या नावाची खरी प्रजाती तांबड्या समुद्रापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या पट्ट्यातली आहे. भारतीय बंदरांवर येतात ते मुख्यतः 'रिंकोबॅटस लेव्हिस' आणि 'रिंकोबॅटस ऑस्ट्रेलियाई'. त्यातल्या लेव्हिसची पहिली शास्त्रीय नोंद तर 1801 मध्ये तमिळनाडूतल्या तरंगंबाडीच्या नमुन्यावरूनच झाली होती. थोडक्यात, संरक्षण एका माशाच्या नावावर आणि जाळ्यात भलताच.

गोंधळ पुढे थोडा निवळला. ऑगस्ट 2019 मध्ये जिनिव्हात झालेल्या 'साइट्स' परिषदेत वेज फिशचं अख्खं कुटुंबच आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत गेलं. त्याच वर्षी 'आययूसीएन'ने वेज फिशच्या दहापैकी नऊ प्रजाती अतिसंकटग्रस्त ठरवल्या. साइट्सच्या यादीतल्या प्रजातींसाठी भारताच्या कायद्यात वेगळी अनुसूची आली ती 2022 च्या दुरुस्तीने.

एवढी वेळ का आली? एक कारण पंखांची किंमत. शार्कच्या पंखांच्या बाजारात रांजाचे पंख सर्वांत महागड्यांत मोडतात. भारताने 2015 मध्ये शार्कच्या पंखांच्या निर्यातीवर बंदी घातली. दुसरं कारण त्याच्या राहणीत आहे. तो उथळ समुद्राच्या तळाशी राहतो आणि ट्रॉलर जाळं ओढतो तेही तिथंच. कोळी त्याच्या मागे गेला नाही तरी तो जाळ्यात येतोच.

तिसरं कारण पिल्लांचं. बोंबील, बांगडा यांसारखे मासे हजारोंनी अंडी घालतात. रांजा अंडी न घालता थेट पिल्लं देतो, एका खेपेला विसाहून कमीच. मोठी मादी गेली की भर पडायला वर्षं जातात.

जाळ्यात आलेला रांजा जिवंत असेल तर परत सोडता येतो, पण तीन मीटरचा मासा काढताना जाळं कापावं लागतं आणि जाळं स्वस्त नसतं. म्हणून महाराष्ट्रात डिसेंबर 2018 मध्ये एक योजना सुरू झाली. संरक्षित समुद्री जीव सोडण्यासाठी जाळं कापलं, तर मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते.