गायरान : नियम, न्यायालय आणि ग्रामपंचायत

जालना जिल्ह्यासारख्या कोरडवाहू मुलखात गायरान हा गावच्या पशुधनाचा मोठा आधार होय. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ अन्वये जिल्हाधिकारी चराईसाठी जमीन राखून ठेवू शकतात. परंतु मराठवाड्यात अनेक भूमिहीन दलित कुटुंबांची उपजीविकाही याच जमिनीवर चालत आली आहे. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील त्यांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ रोजी घेतला.

पुढे २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. प्रदीर्घ ताबा ही सबब न्यायालयाने अमान्य केली. मात्र शासकीय अधिसूचनेन्वये भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना दिलेले पट्टे, तसेच शाळा, दवाखाने यांचा अपवाद ठेवला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

साहजिकच अशा वादांत निर्णायक ठरतो तो पुरावा. अतिक्रमणांची नोंद गाव नमुना एक-ई मध्ये असते. ती नोंद व दंडाच्या पावत्या ग्रामपंचायतीने वेळीच पडताळून घेतल्यास पात्र भूमिहीनाचा हक्क अबाधित राहील आणि गुरांचे रानही वाचेल.