पाडा निवडताना आधी त्याची आई पाहा

कोकणात वळूसाठी पाडा राखायचा म्हटलं की नजर आधी अंगापिंडाकडे जाते. कळपातला सगळ्यांत थोराड पाडा ठेवायचा, बाकीचे ठेचून बैल करायचे किंवा विकून टाकायचे. खिल्लारच्या मुलखात हे एक वेळ चालून जाईल. कोकण कपिलेच्या बाबतीत हा हिशोब फसतो. ठाणे-पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि गोव्यातही आढळणारी ही बुटकी, काटक गुरं. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. कातळसड्यावरचं वाळकं गवत खाऊन मे महिना काढायचा आणि पुढे चार महिने पावसात चरायचं, हे त्यांना जमतं ते बऱ्याच अंशी लहान चणीमुळे. अशा कळपात एखादा पाडा वयाच्या मानाने फारच दांडगा निघाला, तर कौतुकाआधी त्याच्या बापाची चौकशी करावी. जर्सी किंवा गीरचं रक्त आलेलं असलं तर मूळ जात हळूहळू पुसली जाते, शिवाय लहान चणीच्या पहिलारू गाईच्या पोटात मोठं वासरू वाढून वेत अडण्याची भीती असते.

पाड्याकडे पाहून दूध दिसत नाही. ते त्याच्या आईकडे, आजीकडे, बहिणींकडे पाहावं लागतं. मालकाला ‘दूध किती देते’ एवढंच विचारलं तर उत्तर गाईच्या सर्वांत चांगल्या दिवसाचं मिळतं. त्यापेक्षा पहिल्यांदा कितव्या वर्षी व्याली, दोन वेतांत अंतर किती, वासरू पाजून उरलेलं दूध किती आणि ती आटते कधी, हे विचारावं. दिवसाला दोन-अडीच लिटर देऊन सव्वा वर्षाच्या आत पुन्हा विणारी गाय मला वेताला चार लिटरवर सुरू होऊन दोन-दोन वर्षं भाकड राहणारीपेक्षा केव्हाही बरी वाटते. पैदाशीत पाड्याचा अर्धा वाटा आईकडून येतो, आणि आपल्याकडे लेखी नोंदी नसल्यामुळे डोळ्यांसमोर उभी असलेली आई हीच त्याची जन्मपत्रिका.

यानंतर पाड्याच्या मागे उभं राहावं. अंडकोष हा तपासणीतला सर्वांत महत्त्वाचा आणि संकोचामुळे सर्वांत टाळला जाणारा भाग. दोन्ही वृषण खाली उतरलेले, साधारण सारखे आणि पिशवीत मोकळे हलणारे हवेत. एकच उतरला असेल तर पाडा कितीही देखणा असो, तो पैदाशीला नको, कारण हा दोष पुढच्या पिढीत उतरू शकतो. घेर मोजताना एका हाताने पिशवी वरून हलकेच धरून वृषण खाली आणायचे आणि सर्वांत रुंद भागाभोवती टेप लावायची. थंडीच्या सकाळी मोजू नये, पिशवी आक्रसलेली असते. परदेशी तक्त्यांतला पंधरा महिन्यांना 30 सेंटिमीटरचा आकडा मोठ्या जातींचा आहे. आपला पाडा त्याच वयाच्या, त्याच जातीच्या पाड्यांशी ताडून पाहावा. घेर चांगला असलेल्या वळूच्या कालवडीही लवकर माजावर येतात, असं मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांच्या अभ्यासात दिसलं आहे.

वीर्यतपासणी डॉक्टरांकडूनच करून घ्यावी. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात, त्यामुळे तापाने फणफणून उठलेल्या पाड्याचा अहवाल वाईट आला तर घाईने निकाल न देता दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा तपासावं. सांसर्गिक गर्भपात आणि क्षयाच्या चाचण्या मात्र कळपात सोडण्याआधीच व्हायला हव्यात; एका रोगी वळूमुळे अख्ख्या वाडीच्या गाई गाभडू शकतात.

पाय विसरू नयेत. गाईवर चढताना सगळा भार मागच्या पायांवर येतो. त्याला कातळावर चालवून बघावं: लंगड, फाकलेले खूर, आत वळलेली ढोपरं लगेच कळतात. रंग आणि शिंगं शेवटी.

इतकं करूनही हा अंदाजच. खरा निकाल त्याच्या मुली देतात, आणि त्या विऊन दुधावर येईपर्यंत वळू सहा-सात वर्षांचा झालेला असतो. तोवर तो हाताशी राहिला पाहिजे, पण त्याच कळपात नको. बाप-लेकीच्या संकरातून झालेल्या वासरात अंतःप्रजननाचं प्रमाण 25 टक्के होतं. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी वळूंची गावागावांत अदलाबदल करावी.

चांगले नर हातचे गेले की काय होतं, ते केरळने पाहिलं आहे. 1961च्या पशुसुधारणा कायद्यानंतर तिथे गावठी वळूंचं खच्चीकरण सक्तीने झालं आणि वेचूर ही जगातल्या सर्वांत बुटक्या गाईंपैकी एक जात जवळपास संपली. केरळ कृषी विद्यापीठातल्या प्रा. सोसम्मा आयप यांनी 1989मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन उरलीसुरली जनावरं शोधली. त्यांना 2022मध्ये पद्मश्री मिळाली.

कोकणात सक्ती नाही, पण खाचरांतली चिखलणी पॉवर टिलरकडे गेल्यापासून पाडा म्हणजे दावणीचं ओझं झालं आहे. पारख करण्याजोगं वय होण्याआधीच तो विकला जातो. एका घराला न परवडणारा पाडा वाडीतल्या आठ-दहा घरांनी पेंढा वाटून घेतला तर सहज पोसता येईल. आणि गावाबाहेर जाण्यापूर्वी त्याच्या रेतमात्रा गोठवून ठेवल्या, तर मुलींचा निकाल लागल्यावर तो हाताशी नसला तरी चालेल.