चार जागा हव्यात, तर इंजिन उलटं बसवा

अमेरिकेतल्या मिशिगनच्या तळ्यांवर आजही मिरवणाऱ्या जुन्या क्रिस-क्राफ्ट बोटींचे व्हिडिओ पाहून एका वाचकाने विचारलंय : एवढी देखणी, चकचकीत लाकडाची बोट, आणि ऐन मध्यावर इंजिनाची पेटी! ते इंजिन मागे सारून तिथे माणसं का बसवत नाहीत?

बसवतात की. पण इंजिन मध्यावर आहे ते कारागिरांना सौंदर्यदृष्टी नव्हती म्हणून नव्हे. पंखा बोटीखाली पाण्यात, इंजिन बोटीच्या आत, आणि दोघांना जोडणारा शाफ्ट तळातून तिरका बाहेर पडणारा. शाफ्ट सरळच असणार, म्हणून इंजिनही त्याच उताराच्या रेषेत. ते नुसतं मागे ओढलं, तर शाफ्ट इतका उभा होईल की पंख्याचा बराच जोर बोटीचं शेपूट वर उचलण्यात जाईल.

यावरची युक्ती मला फार आवडते. इंजिन अर्धं वळण घेऊन उलटं करायचं आणि अगदी मागच्या फळीपाशी नेऊन बसवायचं. आता त्याचा जोर पुढे, नाकाच्या दिशेने निघतो. पुढे एक गिअरची पेटी असते. तिथे तो खालच्या शाफ्टमध्ये उतरतो, माघारी वळतो आणि इंजिनाच्याच पोटाखालून मागे पंख्याकडे जातो. बाजूने पाहिलं तर इंग्रजी 'व्ही' अक्षर आडवं पडल्यासारखं दिसतं, म्हणून नाव व्ही-ड्राइव्ह. पंखा आणि सुकाणू जागच्या जागी राहतात. आता पंखा उलटा फिरेल का? इंजिन वळवल्याने मागून पाहणाऱ्याला फिरण्याची दिशा उलटी दिसते खरी, पण एकमेकांत अडकलेल्या दोन गिअरमुळे ती पुन्हा उलटते. साध्या, दोनच गिअरच्या पेटीत दोन उलट्यांचं एक सुलटं होतं.

इंजिन आणि पेटी थोडी लांब असली, तर मधे एक छोटा शाफ्ट आणि त्याच्या दोन टोकांना दोन युनिव्हर्सल जॉइंट. आपल्याकडचे ट्रकवाले मेकॅनिक ज्याला 'क्रॉस' म्हणतात तेच. हा सांधा वाकून फिरतो, पण त्यात एक खोड आहे. आत येणारा शाफ्ट एकसारखा फिरत असला, तरी बाहेर जाणारा प्रत्येक फेरीत दोनदा पळतो, दोनदा रेंगाळतो. कोन 12 अंशांचा असेल तर वेग सुमारे सव्वादोन टक्के वर-खाली होतो. मिनिटाला 3000 फेऱ्यांवर असे हेलकावे सेकंदाला शंभर! कोन 30 अंशांचा केला, तर 3000 फेऱ्यांचा वेग 2600 ते 3460 यांच्या दरम्यान झुलू लागतो. उपाय असा, की दुसरा क्रॉस तेवढ्याच कोनात बसवायचा आणि मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे कान एकाच पातळीत ठेवायचे. पहिल्याने केलेली गडबड मग दुसरा निस्तरतो. म्हणूनच जाणता मेकॅनिक प्रॉपेलर शाफ्ट उतरवण्याआधी त्यावर खूण करतो.

जगात बऱ्याच ठिकाणी हा सांधा सोळाव्या शतकातल्या इटालियन कार्दानोच्या नावाने ओळखला जातो. कार्दानोने वर्णन केलं ते एकात एक बसणाऱ्या कड्यांच्या टांगणीचं. फिरणारी गती कोनातून पुढे नेणारा सांधा नीट मांडला तो लंडनच्या रॉबर्ट हूकने, 1670 च्या दशकात. शाळेत स्प्रिंगच्या नियमापुरता भेटतो तोच हूक. आणि मौज अशी, की आपल्याला छळणारी ही खोड त्याला हवीहवीशी वाटली. आडव्या सूर्यघड्याळावर सावली दुपारी सावकाश सरकते, सकाळ-संध्याकाळी भराभर. ही चाल आणि वाकलेल्या सांध्याची चाल यांचं गणित एकच आहे. लंडनच्या अक्षांशासाठी सांधा साडेअडतीस अंशांत वाकवला, की एकसारखी फिरणारी दांडी सूर्यघड्याळाच्या रेषा आखून देते! एवढ्या डोक्याच्या माणसाचं एकही खात्रीचं चित्र आज उपलब्ध नाही. त्याच्या वाट्याचं श्रेय न्यूटनच्या सावलीत गेलं, तसंच इथे कार्दानोच्या नावाखाली गेलं.

असो. क्रॉस जमले, पेटी जमली, तरी वजनाचा हिशेब उरतोच, आणि 'दुप्पट जागा' म्हणून जाहिरात करणारे तो सांगत नाहीत. धरा, इंजिन 350 किलोचं आहे, ते दीड मीटर मागे गेलं आणि एकूण बोट 1400 किलोची आहे. बोटीचा गुरुत्वमध्य जवळजवळ 38 सेंटिमीटर मागे सरकतो. मूळ तळ या वजनासाठी घडवलेलाच नव्हता. मग वेग घेताना नाक आभाळाकडे जातं, चालकाला पुढचं दिसत नाही, आणि वेगात बोट नाक वर-खाली आपटत राहते. सत्तर किलोची चार माणसं मागच्या बाकावरून उठून तेवढंच अंतर पुढे, मधल्या नव्या जागेत बसली, तर बिघडलेल्या तोलापैकी ऐंशी टक्के भरून निघतो. म्हणजे भरलेली बोट शहाण्यासारखी चालते आणि मालक एकटाच निघाला की बिथरते. मागची इंधनाची टाकी पुढे हलवणं हा त्यातल्या त्यात बरा इलाज.

1959 साली व्होल्वो पेंटाने 'ॲक्वामॅटिक' आणून तिसरी वाट काढली : इंजिन आत, पंख्याचा पाय मागच्या फळीबाहेर. त्यातही कोन साधायला क्रॉसच आहेत. पण जुन्या बोटीची मागची फळी कापून तिथे भगदाड पाडायचं, सुकाणू काढून टाकायचं, याला दुरुस्ती म्हणवत नाही.

लाकडी बोटीत आणखी एक पेच असतो. कोरड्या जमिनीवर कपलिंगच्या तोंडांमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत जुळवली, तरी पाण्यात उतरल्यावर फळ्या फुगतात, सांगाडा किंचित आकार बदलतो आणि जुळणी बिघडते. शेवटचं माप बोट तरंगत असतानाच घ्यावं लागतं.

तेव्हा प्रश्नकर्त्यांना माझं सांगणं : जागा हवी असेल तर कारखान्यातूनच व्ही-ड्राइव्ह लावून आलेली जुनी बोट शोधा. मध्यावर इंजिन असलेली मूळ रूपातली बोट हाती आली, तर तिला करवत लावू नका. आणि लावायचीच असेल, तर आधी इंजिन, टाकी आणि माणसं यांची वजनं नि अंतरं कागदावर मांडून बघा.