काच झाडण्याआधी फोटो काढा!
मुद्दाम केलेलं नुकसान: कायदा काय म्हणतो?



विश्रांतवाडीतल्या सोसायट्यांना भाजी देणारे आपले एक सभासद परवा भेटले. आळंदी रोडला रात्री उभ्या केलेल्या टेम्पोची पुढची काच कुणीतरी फोडली, क्रेट रस्त्यावर ओतले. दादांनी काच झाडली, भाजी गाईंना घातली, दुपारी नवी काच बसवली आणि संध्याकाळी पोलीस ठाण्यात गेले. फोटो नाही, बिल नाही. नुकसान किती, ते सांगता येईना.

सगळं अडतं ते इथंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३२४ मध्ये शिक्षा *नुकसानीच्या रकमेवर* ठरते (कैद, दंड किंवा दोन्ही):

▪️ २० हजारांच्या आत: जास्तीत जास्त १ वर्ष
▪️ २० हजार ते १ लाखाच्या आत: २ वर्षांपर्यंत
▪️ १ लाख व त्याहून जास्त: ५ वर्षांपर्यंत

*शेतातलं नुकसान*
▪️ जनावराला विष घालणं, मारणं (कलम ३२५): ५ वर्षांपर्यंत
▪️ शेतीचं पाणी मुद्दाम तोडणं (कलम ३२६): ५ वर्षांपर्यंत
▪️ नुकसान करायला शेतमालाला आग लावणं (कलम ३२६): ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड

१ लाखाच्या आतलं साधं नुकसान बहुधा अदखलपात्र, म्हणजे 'एनसी'. त्यात कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. १ लाख किंवा जास्त नुकसान, आग, पाणी, जनावर यात थेट एफआयआर होतो. त्याची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

*नुकसान झालं तर*
१) काहीही हलवू नका. आधी फोटो, व्हिडिओ काढा.
२) सोसायटीचं किंवा दुकानाचं सीसीटीव्ही त्याच दिवशी मागा, जुनं चित्रण पुसलं जातं.
३) काचेचं बिल, मालाची पावती, त्या दिवशीचा बाजारभाव जोडा. रक्कम खरी लिहा, फुगवू नका.
४) पिकाचं नुकसान असेल तर तलाठी, कृषी सहायकांना कळवून पंचनाम्याची मागणी करा.

*एक कळकळीची विनंती.* कांद्याच्या रोपावर कुणी तणनाशक मारलं, असे फोन मला येतात. कधी ते खरं असतं. पण कधी आपल्याच पंपात आदल्या फवारणीचं तणनाशक उरलेलं असतं, कधी शेजारच्या रानातून वाऱ्यानं उडून येतं. या कलमांना हेतू लागतो, किंवा नुकसान होणार हे माहीत असणं लागतं. बांधाला बांध असलेल्या माणसाचं नाव घेण्याआधी मला रोपांचे फोटो पाठवा. पट्टा कुठून सुरू झाला, पानं कशी वळलीत, यावरून बरंच कळतं. एकदा तक्रारीत नाव गेलं की दोन घरांचं बोलणं पिढीभर तुटतं.

दादांना गॅरेजचं बिल मिळालंय. सोसायटीकडे चित्रण मागितलंय. ते घेऊन उद्या आम्ही दोघं परत ठाण्यात जातोय.

– तुमचा कृषी सल्लागार