पिशवी खरवडायची की शोषून घ्यायची?

‘गर्भाचे ठोके नाहीत, क्युरेटिंग करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या वेळी दिवस राहायला अडचण येईल का?’ हा प्रश्न वाचक वरचेवर विचारतात. बऱ्याचदा काही दिवस वाट पाहून किंवा गोळ्यांनीही गर्भपिशवी रिकामी होते. शस्त्रक्रियाच करायची ठरली, तर मात्र हत्यार कोणतं, हे जरूर विचारावं.

जुनं हत्यार म्हणजे क्युरेट, धातूच्या दांडीला धारदार कडी. १८४०च्या दशकात फ्रान्सच्या रेकामिए यांनी ते आणलं. गर्भपिशवीच्या अस्तराचा वरचा थर दर पाळीला गळतो आणि तळाच्या थरातून पुन्हा वाढतो. गवत कापलं तर उगवतं, मुळासकट उपटलं तर नाही. क्युरेट खोलवर फिरली तर तसंच होतं. मग आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात, पाळी कमी होते किंवा थांबते. १९४८मध्ये जोसेफ अशरमन यांनी या विकाराचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे.

खरवडण्याऐवजी नळीने शोषून घेण्याच्या पद्धतीचं श्रेय सहसा पाश्चात्त्यांना दिलं जातं. पण वू युआनताय आणि वू श्येनचेन या चिनी डॉक्टरांनी १९५८मध्येच आपला अनुभव प्रसिद्ध केला होता. ही नावं आपल्याला ठाऊक असायला हवीत. पुढे कॅलिफोर्नियाच्या हार्वी कारमन यांनी लवचिक प्लॅस्टिकची नळी आणली. ते डॉक्टर नव्हते, बेकायदा गर्भपातासाठी तुरुंगात गेलेले होते आणि त्यांचे इतर प्रयोग धोकादायक ठरले. नळी मात्र खरोखर उत्तम!

हाताने शोषण करायचं तर ६० मिलिलिटरची सिरिंज घ्यायची, झडपेची बटणं दाबायची, दांडा मागे ओढून अडकवायचा. आत निर्वात पोकळी तयार. गर्भपिशवीत सरकवलेल्या नळीला ती जोडून बटणं सोडली की ऊतक सिरिंजमध्ये येतं. गुलाबी फेस दिसला आणि नळीच्या टोकाला खरखर जाणवली, की पिशवी रिकामी झाली. याला वीज लागत नाही, अनेकदा गर्भाशयमुखाजवळ दिलेलं भुलीचं इंजेक्शन पुरतं. लोडशेडिंगच्या गावातल्या आरोग्य केंद्रासाठी याहून सोयीचं साधन कोणतं?

दोन्ही पद्धतींची तुलना केली, तर शोषणाने रक्तस्राव कमी होतो, वेदना कमी होतात आणि वेळही कमी लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने धारदार क्युरेटिंग कालबाह्य ठरवलं आहे. तरीही शोषणानंतर ‘खात्रीसाठी’ क्युरेट फिरवण्याची सवय काही ठिकाणी टिकून आहे. त्याची सरसकट गरज नसते. निघालेलं ऊतक नीट तपासलं आणि शंका वाटल्यास सोनोग्राफी केली, की खात्री होते.